एक खुर्ची आणि सोळा टॉवेल : राजारामपुरीतील एक छोटे सलून

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या गॅरेजचे शटर काढून काचेचा दरवाजा बसवलेले एक सलून आहे. त्याला नाव नाही. पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत ‘महिलांचे केस कापून मिळतील’ एवढेच लिहिले आहे. आत एक खुर्ची, एक आरसा, केस धुण्याचे एक बेसिन आणि वाट पाहणाऱ्या दोघींना पुरेल असा लाकडी बाक आहे. गेली तीन वर्षे मी दर सात-आठ आठवड्यांनी येथे केस कापून घेते, आणि दोन वर्षांपासून माझ्या ८१ वर्षांच्या आईलाही येथेच आणते. आम्ही सगळ्याजणी सलून चालवणाऱ्या बाईंना ताई म्हणतो, मीही येथे तसेच लिहिते. त्यांच्या हातात कसब आहेच; पण येथे काम इतके नीट का होते याचा शोध घेताना, त्यांनी आपला दिवस आणि आपले आयुष्य कसे बेतले आहे, इकडेच मला पुन्हा पुन्हा यावे लागले.

आधी केसांविषयी. माझे केस कुरळे आहेत आणि कपाळाच्या डाव्या बाजूला भोवरा आहे. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, त्यामुळे ओल्या केसांवर सरळ रेषेत कात्री चालवली की घरी पोचेपर्यंत एक बाजू कानाच्या वर गेलेली असते. हे मी अनेक वर्षे अनेक ठिकाणी सोसले आहे. येथे पहिल्या दिवशी ताईंनी मला खुर्चीत बसवले, केस मोकळे करायला सांगितले आणि पाण्याच्या फवाऱ्याला हात न लावता बराच वेळ नुसते पाहिले. मग विचारले, “काकू, घरात भांग कुठं पाडता? आणि रोज बांधता का मोकळे सोडता?” मी महाविद्यालयात शिकवते, फळ्यावर लिहिताना केस डोळ्यांवर येतात म्हणून क्लिप लावते, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मला ती क्लिप रोजच्यासारखी लावून दाखवायला सांगितली. नंतर कोरड्या केसांची एकेक बट बोटांत धरून, तिचा वळसा जिथे संपतो तिथे ती कापली, भोवऱ्याकडचे केस मुद्दाम दोन बोटे लांब ठेवले, आणि धुऊन वाळवल्यावर पुन्हा एकदा सगळीकडून फिरून कात्री लावली. थिनिंगची, म्हणजे केस विरळ करण्याची, कात्री वापरली नाही, कारण तिने माझ्यासारखे केस हलके होण्याऐवजी पिंजारतात, असे त्यांचे म्हणणे पडले. या सगळ्याला ५० मिनिटे लागली. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे कापाची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नसून सहाव्या आठवड्यात होते. त्या आठवड्यातही माझ्या केसांचा आकार टिकून होता.

मात्र या सलूनवर माझा विश्वास बसला तो माझ्या केसांमुळे नव्हे, आईच्या केसांमुळे. गेल्या वर्षी सप्टेंबरात आईला डेंग्यू झाला. ताप उतरला, अशक्तपणा गेला, पायात बळ आले, आणि सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच डिसेंबरात तिचे केस मुठीमुठीने गळू लागले. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. आईच्या मात्र उशीवर, ताटाजवळ, पदरावर केस दिसत होते, आणि आयुष्यभर लांब वेणी घातलेली माझी आई आरशासमोर जायचे टाळू लागली. शहरातील एका मोठ्या सलूनमध्ये मी चौकशी केली, तर तेथे डोक्याला नीट हातही न लावता सहा बैठकांचे उपचार सुचवण्यात आले आणि १४,००० रुपये खर्च सांगण्यात आला. पैसे भरण्याआधी ताईंना एकदा दाखवावे म्हणून आईला घेऊन गेले.

ताईंनी आईच्या डोक्यावर ठिकठिकाणी भांग पाडून त्वचा पाहिली, गळलेला एक केस उजेडात धरला आणि विचारले, “आज्जी, दोन-तीन महिन्यांमागं मोठा ताप आलता काय?” डेंग्यूचे ऐकल्यावर त्यांनी जे सांगितले ते पुढे आमच्या डॉक्टरांनीही तसेच सांगितले. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया अशा धक्क्यानंतर एरवीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, आणि ते प्रत्यक्ष गळतात दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे आजार विसरल्यावर. मुळे शाबूत असल्याने पुढच्या काही महिन्यांत केस परत येतात. “चट्टे पडले नाहीत, कातडं चांगलं आहे. ह्याला माझ्याकडं औषध नाही आणि कुणाला पैसेही देऊ नका. डॉक्टरांना दाखवून रक्त तेवढं तपासा,” असे म्हणून त्यांनी आईची विरळ वेणी खांद्यापर्यंत कापली, जेणेकरून गळणारे केस डोळ्यांना कमी दिसावेत आणि विंचरताना ओढ बसू नये. त्यांनी २५० रुपये घेतले. मे महिन्यापर्यंत आईच्या कपाळाभोवती बोटभर नवे केस आले होते. जी वस्तू किंवा सेवा विकून सहज पैसे मिळाले असते ती गरजेची नाही, असे सांगणारा दुकानदार मला माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा भेटला आहे.

केस रंगवण्याच्या बाबतीतही त्यांचा असाच काटेकोरपणा आहे. नव्या ग्राहकाला त्या त्याच दिवशी रंग लावत नाहीत. कानामागे थोडा रंग लावून ४८ तासांनी यायला सांगतात. काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते, डोळे सुजतात, त्वचा फुटते. खोक्यावर ‘अमोनिया नाही’ असे छापलेले असले म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळले. झटपट काळी होणारी ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते त्यातही बहुधा हेच रसायन असते, कारण मेंदीच्या पानाचा स्वतःचा रंग तांबूस असतो. दोन खेपा घालाव्या लागतात म्हणून काहीजणी कंटाळून दुसरीकडे जातात, पण ताई हा नियम मोडत नाहीत.

केस सरळ करण्याचे उपचार येथे मुळीच होत नाहीत. मी कारण विचारले, तेव्हा मला वाटले होते की यंत्राची किंमत किंवा जागेची अडचण सांगतील. त्या म्हणाल्या, “त्या वाफेत तुम्ही वर्षातनं एकदा बसणार. मला रोज उभं राहायचंय.” सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून, तापलेली इस्त्री फिरवताना, फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, त्याने डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले आहे. एकच खिडकी असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसाला दोन-तीनदा ते काम करणाऱ्या बाईच्या छातीत काय काय जात असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधीच केला नव्हता. सलूनविषयी लिहिणारे सगळेजण ग्राहकाच्या डोक्याचे लिहितात. खुर्चीमागे दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायांतल्या फुगलेल्या शिरा, दुखणारा खांदा आणि रंगाने सोललेली बोटे यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

ताई मूळच्या गडहिंग्लज तालुक्यातल्या. वडिलांचे गावात सलून होते, भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर होती, आणि श्रावण वद्य द्वादशीला, महाराजांच्या पुण्यतिथीला, दुकान बंद ठेवून सगळे घर भजनाला जात असे. लहानपणी दुकानातले केस झाडून काढण्याचे काम ताईंकडे होते. कात्री मात्र भावाच्या हातात गेली. त्याच तालुक्यात हासूरसासगिरी येथे शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर मुलींना वाढवण्यासाठी पतीचा वस्तरा उचलला होता आणि गावोगाव फिरून पुरुषांच्या दाढ्या-कटिंग केल्या होत्या. लोकांनी आधी नावे ठेवली आणि नंतर त्यांच्याचकडे रांगा लावल्या. शांताबाईंविषयीचे वर्तमानपत्राचे कात्रण आज ताईंच्या आरशाच्या वरच्या कोपऱ्यात लावलेले आहे. बाईने हे काम करावे का, असा प्रश्न घरात निघाला की आपण त्यांचे नाव घ्यायचो, असे ताई सांगतात.

पुढे त्यांनी पुण्यात एका मोठ्या साखळी सलूनमध्ये सात वर्षे नोकरी केली. काम तेथेच शिकले, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. पण प्रत्येक कापाला २५ मिनिटे, प्रत्येक ग्राहकामागे शाम्पूची किंवा उपचाराची विक्री, आणि महिनाअखेर भिंतीवर लावलेली कोण किती मागे राहिले याची यादी, हे त्यांना सोसेनासे झाले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी मिळाली, तीही केस कापणे आणि रंगवणे अशा मोजक्या कामांपुरती; त्या वेळी मालकांनी निम्म्याच लोकांना परत बोलावले. ताई त्यांत नव्हत्या. त्या कोल्हापूरला, सासरी आल्या, गच्चीवर शेजारणींचे केस कापू लागल्या, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळे बंद झाले तोही काळ काढला, आणि २०२२ मध्ये हे गॅरेज भाड्याने घेतले. खुर्ची बंद पडलेल्या एका दुकानातून जुनी घेतली आहे. तिचा हायड्रॉलिक दांडा अजून उत्तम चालतो.

आता टॉवेलांविषयी, कारण या सलूनचे सगळे गणित त्यांत आहे. प्रत्येक ग्राहकाला धुतलेला कोरडा टॉवेल मिळालाच पाहिजे, हा ताईंचा पहिला नियम. एकाचा टॉवेल दुसऱ्याला लावला की उवा, नायटा असे काही एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाऊ शकते. त्यांच्याकडे १६ टॉवेल आहेत; आठ वापरात, आठ दोरीवर. म्हणून दिवसाला आठच ग्राहक. पावसाळ्यात कोल्हापुरात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सहाच. “आणखी आठ टॉवेल घेतले तर?” असे मी एकदा सहज विचारले. त्या हसून म्हणाल्या, “टॉवेल मिळतील हो काकू, पण हात दोनच आहेत.” कंगवे प्रत्येक वेळी साबणाने धुऊन जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलेले असतात, मानेभोवती कागदी पट्टी लावली जाते, आणि जमिनीवरचे केस पुढची ग्राहक खुर्चीत बसण्याआधी भरले जातात.

या मर्यादेत भागते का, हे मी विचारले आणि ताईंनी वही उघडून दाखवली. येथे लिहायला त्यांची हरकत नाही. आठ ग्राहक, महिन्याचे २५ दिवस, सरासरी २८० रुपये, म्हणजे ५६,००० रुपये. त्यातून ८,००० भाडे, २,००० वीज आणि ६,००० सामान वजा जाता ४०,००० हातात राहतात. पावसाळ्यात यात कात्री लागते, लग्नसराईत थोडी भर पडते. पुण्यात त्यांना २२,००० पगार होता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि बिलावर वेगळा कर चढत नाही. जो दर सांगितला तेवढेच पैसे द्यायचे. दुसरी खुर्ची टाकून एक मुलगी कामाला ठेवली तर उत्पन्न वाढेल, असे त्यांना अनेकांनी सुचवले आहे, मीही त्यांत होते. त्यांचे उत्तर मला पटले: दुसऱ्या खुर्चीच्या पगारासाठी दिवसाला आणखी पाच-सहा ग्राहक आणावे लागतील, ते आणण्यासाठी काहीतरी विकावे लागेल, आणि मग आज्जींना ‘पैसे देऊ नका’ असे सांगणे जड जाईल.

दुकान संध्याकाळी साडेसहाला बंद होते. पती उद्यमनगरात लेथवर कामाला आहेत, मुलगी सातवीत आहे, आणि फुटबॉलच्या हंगामात या तिघांचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की या शहरात पेठांचे आणि तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने रंगतात; त्या दिवसांत पेठेतल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. ताईंच्या सासरच्या पेठेचा सामना असला की दुकान दुपारी तीनला बंद होते. शनिवार असो, रविवार असो, लग्नसराई असो, बंद म्हणजे बंद. पुण्यातल्या सात वर्षांत सुट्टीच्या दिवशी सलूनमध्ये गर्दी असल्याने त्यांना एकही सामना पाहता आला नव्हता, आणि माहेरी-सासरी गेल्या तरी त्या दमलेल्या असत. एकदा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा त्यांचा आवाज ओरडून पुरता बसला होता. त्या खुणांनीच बोलत होत्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की बाकावर बसलेल्या अनोळखी बाईंनीही ‘किती गोल झाले’ असे विचारले. तीन बोटे दाखवून त्यांनी कात्री उचलली. तो दिवसभरातला सहावा काप असावा, पण घाई नव्हती, हात हलका होता, आणि भोवऱ्याकडचे दोन बोटे केस त्या विसरल्या नाहीत.

उणिवाही आहेत, आणि जाणाऱ्यांनी त्या आधी माहीत करून घ्याव्यात. वेळ घेतल्याशिवाय येथे काम होत नाही, आणि दिवाळीच्या किंवा लग्नाच्या आधी दोन आठवड्यांपूर्वी वेळ घेतली नाही तर नकार ठरलेला आहे. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला मला असा नकार मिळाला होता आणि त्या वेळी वाईट वाटले होते. काम चालू असताना ताई फोन उचलत नाहीत. वातानुकूलन नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारची वेळ नकोशी होते. दरवाजाला दोन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. आईला दोन्ही बाजूंनी धरून चढवावे लागते, आणि ही गोष्ट मी ताईंना दोनदा सांगूनही अजून झालेली नाही. वयस्कर बायका जिथे इतक्या येतात तिथे कठडा बसवणे निकडीचे आहे. बेसिनची कड टणक असल्याने आईची मान दुखते; आता घडी घातलेला टॉवेल मागून घ्यावा लागतो, तो न मागता मिळाला पाहिजे. केसांत निरनिराळ्या छटांचे फॅशनचे रंग, नववधूचा मेकअप, फेशियल यांपैकी काही येथे मिळत नाही. मुलांचे केस दहा वर्षांपर्यंतच कापतात.

दर सध्या असे आहेत: काप २५० रुपये, धुऊन ३५०, लहान मुलांचा १२०, भुवया ५०. रंग तुम्ही आणलात तर लावण्याचे २५० घेतात आणि खोक्याची मुदत तपासून मगच ते उघडतात. घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या आज्जींसाठी महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी त्या राजारामपुरीत घरी जातात. त्याचे रिक्षाभाडे तेवढे वेगळे द्यायचे. सोमवारी सुट्टी असते. मंगळवार ते रविवार सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा दुकान उघडे असते आणि फोन दुपारी एक ते दोन या वेळेतच लागतो. सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले की ताई ते दरवाजाच्या काचेवर आतून चिकटवतात आणि आपल्या पेठेच्या तारखांभोवती लाल पेनने गोल करतात. डिसेंबरनंतर जाणार असाल तर आधी ते पाहून घ्या.